अर्ध्या हळकुंडाचा दर्जा

महाराष्ट्राच्या वेतनव्यवस्थेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने सर्वप्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, या राज्यात पगारवाढ मागणे हे माणूस खालच्या पायरीवर असल्याचे खात्रीशीर लक्षण आहे. ज्याला वाढ हवी असते तो निवेदन देतो, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरतो, मुंबईत आझाद मैदानावर मुक्काम ठोकतो आणि आश्वासन घेऊन परत येतो. ज्याची नेमणूक एखाद्या मंडळावर, महामंडळावर किंवा आयोगावर झालेली असते त्याला यांतले काहीही करावे लागत नाही, कारण त्याचे वेतन पुष्कळदा आकड्यात सांगितलेलेच नसते. ते अमुक पदाच्या समकक्ष राहील, एवढेच सांगितलेले असते. समकक्षता म्हणजे एका पदाचे वेतन, वाहन, कर्मचारी आणि मान हे सारे दुसऱ्या पदाच्या दाव्याला बांधून ठेवणे. त्या दुसऱ्या पदाचे दावे पुढे तिसऱ्या पदाच्या खुंट्याला असते, आणि तो खुंटा कोठे ठोकला आहे याचा शोध घेणारा अभ्यासक बहुधा दिल्लीपर्यंत जाऊन पोहोचतो.

प्राचीनांना ही विद्या अवगत नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात मंत्री, पुरोहित आणि सेनापती यांना 48,000 पण, तर जनावरांची व माणसांची देखभाल करणाऱ्या परिचारकांना 60 पण असे आकडे सरळ लिहून टाकले, आणि त्यामुळे दोन हजार वर्षांनंतरही कोणत्याही शाळकरी मुलाला भागाकार करून वरच्याला खालच्याच्या आठशे पट मिळत होते हे सांगता येते. आकडा लिहिला की भागाकार होतो, हा त्या पद्धतीतला मोठा दोष होय. आधुनिक शासनाने तो दूर केला. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 यात राज्याच्या मुख्य माहिती आयुक्ताचे वेतन निवडणूक आयुक्ताइतके आणि राज्य माहिती आयुक्ताचे वेतन मुख्य सचिवाइतके ठरवण्यात आले. निवडणूक आयुक्ताचे वेतन त्या काळी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके होते. आणि न्यायाधीशांचे वेतन वाढले की, वाळूउपशाच्या परवान्यांची माहिती न मिळाल्याबद्दल वसमतच्या एखाद्या शेतकऱ्याने केलेले दुसरे अपील ऐकणाऱ्या यंत्रणेच्या शिरोभागीही, त्या अपिलाची तारीख लागो वा न लागो, आपोआप वाढ पोहोचत असे. दुसरे अपील म्हणजे कार्यालयातील माहिती अधिकाऱ्याने आणि त्याच्या वरिष्ठाने दाद न दिल्यावर आयोगाकडे केलेली अखेरची मागणी. 2019 च्या दुरुस्तीनंतर केंद्राने ही साखळी तोडून दोन्ही पदांसाठी दरमहा 2,25,000 रुपये असा आकडा नियमात घातला, तेव्हा समकक्षतेच्या जाणकारांना क्षणभर चिंता वाटली असेल. तथापि आकड्यापाठोपाठ महागाई भत्ता होताच.

येथे एखादा काटेकोर वाचक आक्षेप घेईल की, ठोक वेतनाच्या पदाला वार्षिक वेतनवाढ नसते. आक्षेप बरोबर आहे. वार्षिक वेतनवाढ म्हणजे नियमित कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनात वर्षातून एकदा होणारी सुमारे तीन टक्क्यांची भर, आणि ती ठोक वेतनाला लागू होत नाही. परंतु महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा सुधारतो आणि तो मूळ वेतनाच्या टक्केवारीत मोजला जातो, म्हणून ज्याचे मूळ वेतन मोठे त्याला महागाईही मोठीच सोसावी लागते असे शासनाचे गृहीतक दिसते. सातव्या वेतन आयोगाबरोबर 2016 मध्ये शून्यापासून सुरू झालेला केंद्राचा हा भत्ता जुलै 2025 पर्यंत 58 टक्क्यांवर गेला. मधल्या काळात, करोनाच्या साथीत, तो दीड वर्ष गोठवण्यात आला होता खरा. पण गोठलेली वस्तू नासत नाही या न्यायाने जुलै 2021 मध्ये तो 17 वरून एकदम 28 टक्के होऊन बाहेर आला.

समकक्षतेचा याहून सूक्ष्म गुण असा की ती व्यक्तीला चिकटत नाही, पदाला चिकटते. त्यामुळे पदावर कोणी नसले तरी पदाची प्रगती थांबत नाही. राज्य महिला आयोगाचे अध्यक्षपद फेब्रुवारी 2020 पासून ऑक्टोबर 2021 पर्यंत रिकामे होते, आणि त्या काळात साथ, टाळेबंदी आणि घरोघरच्या कोंडमाऱ्यामुळे आयोगाची गरज कधी नव्हे इतकी होती. परंतु रिकाम्या खुर्चीचा दर्जा या सर्व काळात अबाधित राहिला. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. संविधानाच्या 371 (2) या अनुच्छेदानुसार 1994 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे सिंचन, रस्ते, आरोग्य इत्यादी बाबतींत राज्याच्या सरासरीमागे राहिलेले अंतर, मोजावे आणि भरून काढण्याचा मार्ग सुचवावा अशी अपेक्षा होती. मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि पुनरुज्जीवनाचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये घेतला. मधल्या काळात मंडळाच्या सदस्यांनी शासनाची तिजोरी मुळीच शिणवली नाही. अनुशेषाने मात्र कोणत्याही नेमणुकीची वाट न पाहता आपले काम चालू ठेवले.

या सिद्धांताची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे गाव सोयीचे आहे. वसमत हे हळदीचे गाव; येथील हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ‘वसमत हळद’ हे नाव या परिसराबाहेर पिकलेल्या हळदीला लावता येणार नाही असे कायद्याने मान्य झाले. येथेच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्याचे 2022 मध्ये ठरले. हरिद्रा म्हणजे हळदच; पण संशोधन व्हायचे असेल तर पिकाला आधी संस्कृत यावे लागते. सप्टेंबर 2024 मध्ये, विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना, हिंगोलीचे माजी खासदार हेमंत पाटील यांची केंद्राच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली आणि या पदाला मंत्रिपदाचा दर्जा देण्यात आला; त्याच सुमारास सिडकोचे अध्यक्षपदही एका आमदाराकडे गेले. व्यक्ती कोण आणि पक्ष कोणता हा येथे विषय नाही, कारण सरकार बदलले की नेमणुका रद्द होतात, नव्या होतात आणि दर्जा तेवढा मागे उरतो. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, हळद या पिकाला केंद्र सरकारचा हमीभाव नाही. हमीभावाच्या यादीत ती कधी नव्हतीच. तेव्हा हळदीच्या कुटुंबात दर्जा प्राप्त झालेले पहिले सदस्य म्हणजे तिच्या केंद्राचे अध्यक्षपद होय.

हमीभाव नसलेल्या वस्तूची किंमत कशी ठरते हे पाहायचे तर उन्हाळ्यात वसमतच्या मोंढ्यात जावे लागते. जवळजवळ नऊ महिने शेतात राहिलेले पीक काढून, शिजवून, उन्हात वाळवून आणि ढोलात घालून पॉलिश केल्यावर शेतकरी ते पोत्यांतून येथे आणतो. हळकुंडांचा ढीग वेगळा आणि गट्टूंचा, म्हणजे गोल मातृकंदांचा, वेगळा लागतो. बिटाच्या, म्हणजे लिलावाच्या, वेळी खरेदीदार ढिगात हात घालून एक हळकुंड उचलतो, ते मोडतो, मोडतानाचा आवाज ऐकून आत ओल राहिली आहे का याचा अंदाज घेतो, गाभ्याचा रंग पाहतो आणि उरलेला अर्धा तुकडा पुन्हा ढिगावर टाकून बोली बोलतो. या सगळ्याला एक-दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात एका कुटुंबाच्या वर्षाचा निकाल लागतो. नंतर हातात पडणाऱ्या हिशेबपट्टीवर हमाली आणि तोलाई वजा केलेली असते. हा भावही एकटा नसतो. तो सांगलीकडे, निजामाबादकडे आणि वायदेबाजाराकडे पाहूनच उठतो किंवा बसतो. म्हणजे हळदसुद्धा समकक्षच आहे. फरक इतकाच की तिच्या दाव्याला दोन्ही दिशांनी ओढ बसते आणि शासकीय दाव्याला एकाच दिशेने.

ही एका दिशेची ओढ अपघाती नाही, काही ठिकाणी ती थेट संविधानात आहे. अनुच्छेद 318 नुसार लोकसेवा आयोगाच्या सदस्याच्या सेवाशर्ती नेमणुकीनंतर त्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत, आणि यामागचा हेतू, सरकारच्या मर्जीपासून सदस्याला निर्भय ठेवण्याचा, निःसंशय थोर आहे. विनोद सुरू होतो तो हा हेतू घरी ठेवून फक्त सोय बरोबर नेली जाते तेव्हा. ज्या पदाला सरकारविरुद्ध एक ओळही लिहायची नसते, त्यालाही निर्भयतेचा पगार मिळू लागतो.

उलट दिशेचे उदाहरण गावातच सापडते. अंगणवाडी सेविकाही नेमलेलीच असते, तिलाही वेतन नसून मानधन असते, आणि तीही कोणाच्या तरी निर्णयावर अवलंबून असते. परंतु तिचे पद कोणाशीही समकक्ष नाही. म्हणून 2023 मध्ये तिचे मासिक मानधन 8,325 रुपयांवरून 10,000 रुपये झाले तेव्हा त्याची बातमी झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राज्यभरच्या सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले, जो पन्नासहून अधिक दिवस चालला. रोजगार हमीच्या मजुराची वाढ मात्र खरोखर वार्षिक असते. ज्या महाराष्ट्राने हा कायदा देशाच्या आधी अठ्ठावीस वर्षे केला, तेथे या कामाचा दिवसाचा दर 2024-25 मध्ये 297 रुपये होता आणि 2025-26 मध्ये 312 झाला. पंधरा रुपयांच्या या वाढीसाठी कोणालाही दर्जा द्यावा लागला नाही.

मानधनाचे आणखी एक शास्त्र आहे आणि ते आमदार-खासदारांना तोंडपाठ असते. लाभाचे पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक फायदा होईल असे पद, धारण करणारा लोकप्रतिनिधी संविधानानुसार अपात्र ठरतो. जया बच्चन यांना उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे 2006 मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व गमवावे लागले. आपण एक पैसाही घेतलेला नाही हे त्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवले आणि पैसे घेतले की नाही यापेक्षा ते मिळण्याचा हक्क होता की नाही हे महत्त्वाचे मानले. त्या पदाला महिना 5,000 रुपये मानधन आणि आदरातिथ्यासाठी महिना 10,000 रुपये होते, यावरून अध्यक्षापेक्षा त्याचे पाहुणे दुप्पट महाग असतात असा निष्कर्ष निघतो. महाराष्ट्रात अशी आपत्ती सहसा येत नाही, कारण विधिमंडळ सदस्यांच्या अपात्रतेचे निवारण करणारा 1956 चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत सुरक्षित पदे लिहिता येतात. अनुसूची लांबवण्यास कागद फारसा लागत नाही. या बाबतीत अमेरिकेचा मागासलेपणा उल्लेखनीय आहे: काँग्रेसच्या सदस्यांनी वाढवलेला पगार पुढची निवडणूक होईपर्यंत त्यांना लागू होऊ नये, अशी घटनादुरुस्ती तेथे 1789 मध्ये मांडली गेली आणि 1992 मध्ये मंजूर झाली, म्हणजे दोनशेतीन वर्षे विचार चालला. मुंबईत ऑगस्ट 2016 मध्ये आमदारांचे वेतन प्रधान सचिवाच्या वेतनाला जोडणारे विधेयक अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी चर्चेवाचून एकमताने मंजूर झाले.

असे असता, वसमतच्या हळदीसाठी शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षे हमीभावाची मागणी लावून धरली, ही मागणीच अशास्त्रीय होती असे म्हणावे लागते. मागायचा होता तो दर्जा. हळदीच्या एका क्विंटलला अवर सचिवाच्या समकक्ष घोषित करणारा शासन निर्णय, वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भान्वये आणि राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, निर्गमित झाला असता, तर तिच्या भावात जानेवारीत आणि जुलैत विनासायास सुधारणा झाली असती आणि मोंढ्यात हळकुंड मोडून पाहण्याची प्रथाही बंद पडली असती, कारण अवर सचिवाला मोडून आत ओल आहे का हे पाहण्याची तरतूद नियमांत नाही. गट्टूंना एक श्रेणी खाली, कक्ष अधिकाऱ्याच्या समकक्ष, ठेवता आले असते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांची राज्यात कधीच वाण नव्हती; अख्ख्या क्विंटलला दर्जा मिळाला असता तर निदान प्रमाण तरी राखले गेले असते.

या प्रस्तावातील अडचण तत्त्वाची नसून हिशेबाची आहे. महागाई भत्त्याचा राज्याचा आदेश बहुधा उशिरा निघतो आणि तो मागील तारखेपासून थकबाकीसह लागू होतो. हळद मात्र बव्हंशी जूनच्या आत विकली जाते. तेव्हा जानेवारीपासूनची थकबाकी ऑगस्टमध्ये मंजूर झाल्यास तोवर सांगलीला जाऊन दळली गेलेली आणि पुड्यांतून किराणा दुकानांत पोहोचलेली हळद वसमतच्या शेतकऱ्याची मानायची, खरेदीदाराची मानायची की जिच्या भाजीत ती पडली त्या गृहिणीची, याविषयी वित्त विभागाचे अभिप्राय मागवावे लागतील. आणि अभिप्राय येईपर्यंत या विषयावर एक अभ्यास समिती नेमून तिच्या अध्यक्षाचा दर्जा तेवढा आधी निश्चित करून ठेवण्यास कोणाचीही हरकत असणार नाही.