थेंबे थेंबे तळे, पण कोणाचे?

ईटीएफचा खर्च शंभर रुपयांमागे पाच पैसे की सात पैसे, यावर सोसायटीच्या कट्ट्यावर तासभर वाद रंगतो. मग तेच चिकित्सक गुंतवणूकदार मोबाइल काढून दर सोमवारी हजार रुपयांचे युनिट घेतात. त्यांचा ब्रोकर ऑर्डरमागे सरसकट 20 रुपये लावतो, वर 18 टक्के जीएसटी. झाले 23 रुपये 60 पैसे, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून जास्त! थेंबे थेंबे तळे साचते खरे, पण ब्रोकरच्या अंगणात.

काही चाणाक्ष मंडळी ‘शून्य दलाली’वाल्याकडे जातात. तिथे विकताना डीमॅट खात्यातून युनिट काढण्याचे डीपी शुल्क हात पुढे करते. एक युनिट विका वा हजार, त्या दिवसाची दक्षिणा तेवढीच. फारशी उलाढाल नसलेल्या ईटीएफमध्ये मार्केट ऑर्डर टाकलीत, तर खरेदी-विक्रीच्या भावातला फरकही खिसा कापतो, आणि तो कॉन्ट्रॅक्ट नोटवर शुल्क म्हणून दिसतही नाही.

तेव्हा चार चिमुकल्या ऑर्डरींऐवजी महिन्यातून एकच टाका. आय-नॅव्ह, म्हणजे युनिटचे त्या क्षणाचे अंदाजी मूल्य, पाहून लिमिट ऑर्डर लावा. उगाच विकू नका. ब्रोकर उपाशी राहील ही चिंता सोडा. त्याला पोसायला ऑप्शनवाले समर्थ आहेत.