आजचं जीवनसत्त्व

स्वतःच्या पोटापेक्षा दुसऱ्याच्या ताटाची काळजी जास्त, अशी एक जमात असते. हे लोक डॉक्टर नसतात, आहारतज्ज्ञ नसतात आणि स्वयंपाकघरात त्यांचं जाणं-येणं पाणी पिण्यापुरतंच. "आज काय भाजी?" असं ते विचारत नाहीत. "काल पण हीच होती ना?" असं विचारतात. वरळीच्या बीडीडी चाळींत या जमातीचं पुढारपण आमच्या मजल्यावरच्या भाऊंकडे होतं आणि आता टॉवरमध्ये आल्यावरही ते त्यांच्याकडेच आहे.

भाऊंचं मूळ शस्त्र म्हणजे फळा. चाळीच्या जिन्याखाली मंडळाचा फळा होता. त्यावर पाणीकपात, वर्गणी, सत्यनारायण आणि निधनवार्ता एवढ्या चार गोष्टी येत आणि वर एक सुविचार. अक्षर भाऊंचं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुविचार संपले की काय कोण जाणे, पण एके दिवशी त्या जागी 'आजचं जीवनसत्त्व' सुरू झालं. सोमवारी नाचणी: १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. मंगळवारी हळीव. बुधवारी शेवग्याचा पाला. लोक वाचायचे आणि वर जाऊन बटाट्याची भाजी खायचे. एकदा फळ्यावर वर एका आजोबांचा दशक्रिया विधी आणि खाली 'रोज मूठभर शेंगदाणे, हृदय राहील ठणठणीत' असं आलं. आजोबांचा मुलगा भाऊंकडे गेला. भाऊ म्हणाले, "अरे, त्यांना उद्देशून नाही ते. मागे राहिलेल्यांसाठी आहे."

हे वेड त्यांच्यात आलं कुठून, याबद्दल माझं एक मत आहे. भाऊंची आई खानावळ चालवायची. १६० चौरस फुटांच्या खोलीत स्टोव्ह, पिठाचा डबा, मुलं आणि पंगतीला गिरणीतले गावाकडचे गडी. गिरणगावात अशा बायका घरोघरी होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून एकत्र आणलं आणि बँकेच्या दारापर्यंत नेलं, ते याच बायकांना. भाऊंच्या आईचा आठवड्याचा बेत ठरलेला असायचा. कुठल्या वारी मासळी, कुठल्या वारी नुसती आमटी, हे गड्यांना पाठ. १९८२चा संप आला, गडी गावाला गेले, पंगत उठली. बेत मात्र भाऊंच्या डोक्यात तसाच राहिला आणि पुढे वेळापत्रक होऊन कागदावर उतरला. फक्त आईच्या बेतात रांधणारीही तीच होती. भाऊंच्या बेतात रांधणाऱ्या वहिनी.

"वेळापत्रकात शुक्रवारी बाजरीची भाकरी लिहिलीय तुम्ही," वहिनी म्हणायच्या. "पुढं थापणार कोण तेही लिहा की."

"आपण विविधतेबद्दल बोलतोय," भाऊ म्हणायचे.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा भाऊंना आपला वैयक्तिक सत्कार झाल्यासारखं वाटलं. त्या वर्षी त्यांच्या घरात वरईचा उपमा झाला, राळ्याची खीर झाली, ज्वारीच्या पिठाची धिरडी झाली. त्यातली धिरडी खरंच उत्तम होती. लसूण, ओवा, कोथिंबीर घालून वहिनींनी ती अशी काही खरपूस केली की आमच्या घरी आजही तशीच होतात. श्रेय भाऊंनी घेतलं. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' या पुस्तकाबद्दल त्यांनी कुठेसं वाचलं आणि आठवडाभर "हजार! बघ, हजार!" एवढंच चाललं होतं. "त्या बाईंना लिहू दिलं असेल शांतपणे," वहिनी म्हणाल्या.

भाऊंच्या कारकिर्दीतला कळस मात्र शेवळं. पावसाच्या तोंडावर दादर स्टेशनबाहेर पालघर-वसईकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, फोडशी, कंटोली आणि त्या जांभळट-पिवळ्या शेवळांच्या जुड्या. शेवळं चवीला मटणाच्या वरताण, पण घसा खाजवतात. म्हणून त्यांच्यात काकडं घालतात. ती हिरवी, आंबट फळं बाईच सोबत देते. भाऊंनी सगळ्या जुड्या उचलल्या आणि काकडं परत केली. दुसऱ्या वस्तूचे पैसे कशाला? वहिनी माहेरी गेलेल्या. भाऊंनी जवळा घालून स्वतः भाजी केली आणि वैविध्य एकट्याने भोगायचं नाही म्हणून गॅलरीभर वाट्या फिरवल्या. अर्ध्या तासात मजला खाकरू लागला. कोकमाचं पाणी, चिंचेचं पाणी, गूळ, ज्याला जे सुचलं ते. सार्वजनिक नळावर बायका खुणांनी बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'आजचं जीवनसत्त्व: खाज.'

तरी वाट्या परत गेल्या त्या रिकाम्या नाहीत. हे चाळीचं कलम होतं, कुठेही न लिहिलेलं. कुणाच्या वाटीतून कुळथाचं पिठलं परत गेलं, कुणाच्या शेंगोळी, कुणाच्या तळलेल्या मांदेल्या. साताऱ्याची, मालवणची, देशावरची, दोन तेलुगू घरं, वीस दारं एका गॅलरीत. भाऊंच्या जेवणात रोज जे काही नवीन असायचं ते या वाट्यांतून यायचं. वेळापत्रकातून नव्हे. भाऊंना हे माहीत होतं का? मला वाटतं, होतं. गॅलरीतून जाताना ते नेमके कुकरची शिट्टी झालेल्या दारापुढेच थबकायचे.

खाण्याच्या बाबतीत भाऊ तसे एकनिष्ठ. संध्याकाळी वरळी नाक्यावर वडापाव. वर्षानुवर्षं तोच गाडा, तीच लाल चटणी. याबद्दल छेडलं तर म्हणायचे, "तो आहार नाही. ती भेटगाठ." कोळीवाड्यातली मासळीवाली त्यांना ओळखून होती. भाऊ पाटीपुढे उभे राहून तारलीतल्या ओमेगा-थ्रीवर बोलायचे आणि शेवटी काहीच न घेता निघायचे. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की ती म्हणायची, "आता दोन म्हयने माझं कान बी मोकळं."

मग १४ ऑगस्ट २०२५ला पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फूट, स्वतंत्र संडास, लिफ्ट. सगळं मनासारखं. पण भाऊ पहिल्याच आठवड्यात उतरलेले दिसले. तळमजल्यावर फळा नव्हता, काचेतली नोटीस होती आणि तिला कुलूप. दारं बंद. कुकर कुठे वाजतो ते कळेना. वाटी घेऊन जायचं तर बेल मारायची आणि बेल मारली की माणसं "काय झालं?" म्हणून घाबरून दार उघडतात. भाऊंनी मजल्याचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्यावर जीवनसत्त्व सुरू केलं. लोक हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. त्याने पोट भरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सतरा आहारसूत्रं काढली, त्यांत रोज निदान आठ अन्नगटांतून खावं असं सांगितलंय. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या वगैरे. हे भाऊंनी वाचलं आणि लिफ्टच्या आमच्या बाजूची दारं मोजली. आठ! लगेच दार टू दार बैठक. प्रत्येक दाराला एक गट. दर रविवारी त्या गटाचा पदार्थ आठ वाट्यांत, कुलूपबंद संस्कृतीला उत्तर म्हणून.

वाटप करताना जे झालं ते मंडळाच्या निवडणुकीतही होत नाही. मासळी-अंडी गटासाठी तीन दावेदार. तो गेला कोपऱ्यातल्या मालवणी घराला. डाळींचा गट घेतलेल्या बाईंनी मटकीला मोड आणायला दोन दिवस लागतात म्हणून मुदत मागितली. दूध गटवाला नुकतं लग्न झालेला, त्याने "पिशवी दारात ठेवली तर चालेल का?" असं विचारलं. फळं भाऊंनी स्वतःकडे घेतली, कारण ती शिजवावी लागत नाहीत आणि वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं की माझं नाव कुठल्याही गटात दिसता कामा नये. तेल-तूप गट कुणी घेईना. "तेलाची वाटी काय वाटायची?" शेवटी तो चिठ्ठी टाकून एका निवृत्त कंडक्टरांच्या गळ्यात पडला.

पहिला रविवार. दुपारी एकला आठही दारं किलकिली. नाचणीचे घावन आले. मटकीची उसळ आली, जरा कच्चट. मालवणी घरातून तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आलं आणि त्या वाटीमागे दोन शाकाहारी घरांतली मुलंही बाहेर आली. भाऊ प्रत्येकी अर्धं केळं घेऊन फिरत होते. "पोटॅशियम," ते सांगत होते.

सगळ्यांत शेवटी कंडक्टरांचं दार उघडलं. हातात परात, परातीत कांदाभजी, वाफाळती.

"हे काय?" भाऊ म्हणाले.

"तेलगट."

मजला थांबला. भाऊंनी एक भजं उचललं, उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं. मग खिशातलं पेन काढून गटांच्या पत्रकावर टिपू लागले.

"कांदा म्हणजे भाजी. बेसन म्हणजे डाळ. आणि तेल तर आहेच. एका भज्यात तीन गट." त्यांनी केळं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि वाटी पुढे केली. "माझे अजून पाच राहतात. घाल."