लीव्ह अँड लायसन्सवाले

गिरगावातल्या चाळीत दीड खोलीत जन्म काढून, पोटाला चिमटा घेऊन डोंबिवलीला एक फ्लॅट बांधून ठेवणाऱ्या गृहस्थांची जी एक जात मुंबईत निर्माण झाली आहे, तिचा प्रतिनिधी ओळखण्याची खूण अत्यंत सोपी आहे. त्याच्यासमोर ‘भाडे’ हा शब्द उच्चारावा. सोवळ्यातल्या आजीबाईंच्या पानाशेजारी कांद्याचे नाव काढल्यासारखा त्याचा चेहरा होतो आणि तो करड्या स्वरात म्हणतो, “भाड्याबिड्यानं आम्ही जागा देत नाही. आमचं लीव्ह अँड लायसन्स!”

वस्तुतः भाडेकरू या पदाची थोरवी या गृहस्थाइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तो स्वतः पिढीजात भाडेकरू आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण मानून ते जे गोठवले, त्या बर्फावर त्याच्या वडिलांचा संसार झाला आणि त्याचाही होत आला. वडिलांच्या काळापासूनच्या भाडेपावत्या त्याने पत्र्याच्या ट्रंकेत सालवार बांधून ठेवल्या असून, चाळीच्या मालकाचा विषय निघाला की तो अत्यंत प्रसन्नपणे सांगतो, “मालक काय करतोय आपलं? कायदा आहे ना!” जिना पडायला आला आहे, गच्ची गळते आहे, मालकाने चाळीचे तोंड पाहणे कधीच सोडले आहे, परंतु या साऱ्याचा आणि गोठलेल्या भाड्याचा काही कार्यकारणसंबंध असावा, ही गोष्ट त्याच्या न्यायबुद्धीस मान्य नाही.

आणि हाच इसम रविवारी सकाळी कल्याण लोकलमध्ये बसला की भायखळा ओलांडता ओलांडता त्याच्यातले कूळ मावळते व मालक उगवतो. कायदा जसा आपल्या बाजूने आहे तसा तो डोंबिवलीतल्या माणसाच्याही बाजूने उभा राहिला तर काय, या विचाराने ठाण्यापर्यंत त्यास घाम फुटलेला असतो. त्याची ही भीती अगदीच निराधार आहे असे मात्र मला म्हणवत नाही. जुन्या कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मुंबईकरांनी ‘भाडे’ टाकून ‘लायसन्स’ची वाट शोधली, पण कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने जागेत राहणारे परवानेदार भाडेकरू मानले गेले. आदल्या रात्री पाहुणे म्हणून निजलेले लोक सकाळी घरचे होऊन उठले! ही तारीख आमच्या गृहस्थास स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे.

लीज आणि लायसन्स यांतील भेद तो ज्या तन्मयतेने समजावतो, ती एखाद्या वेदान्त्यास शोभावी. लीजमध्ये मिळकतीतला हितसंबंध दुसऱ्याकडे जातो, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. लायसन्समध्ये तसला काही हक्क न जाता, एरवी जे बेकायदा ठरले असते ते करण्याची केवळ मुभा मिळते, हे त्याच सालच्या सुखाधिकार कायद्यात आहे. यावरून त्याने काढलेले तात्पर्य असे, की परवानेदार हा मुळात घुसखोरच. आपण फक्त तूर्त डोळेझाक केली आहे. म्हणून तो दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवतो, पूर्वसूचना न देता येतो, आणि आतल्या खोलीत कुलूप लावलेले एक लोखंडी कपाट कायम ठेवतो. एका परवानेदाराने धीर करून विचारले, “काका, कपाटात आहे तरी काय?” काकांनी गंभीरपणे उत्तर दिले, “ताबा.”

गाडीतल्या एका वकिलाने त्याची एकदा क्रूर थट्टा केली. इंग्लंडात बोर्नमथच्या एका सॉलिसिटरने असाच ‘लायसन्स’ लिहून खोल्या दिल्या होत्या. १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तिथे भाडेकरारच आहे असे ठरवले, आणि लॉर्ड टेम्पलमन यांनी सुनावले, की पाच दात्यांचे अवजार घडवून कारागीर त्याला फावडे म्हणत बसला तरी ते दाताळेच होय. आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच दस्ताच्या नावापेक्षा त्याच्या गाभ्याकडे पाहावे असे म्हटले आहे, ही पुस्ती वकिलाने जोडली. त्या दिवशी आमचे गृहस्थ दिव्याला उतरून परत फिरणार होते.

वास्तविक, ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याची चिंता पार मिटवली आहे. लेखी लायसन्स हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत संपूनही जो हलत नाही त्यास सक्षम प्राधिकाऱ्याकरवी बाहेर काढता येते, आणि तोवर दुप्पट रक्कम वसूल करता येते. तरी त्याचा करार अकराच महिन्यांचा. वर्षावरचे भाडेपट्टे नोंदवावे लागतात या १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून पडलेला हा प्रघात, आता अकरा महिन्यांचा दस्तही नोंदवावाच लागतो हे कळूनही सुटत नाही.

नोंदणीस एजंट घरी येतो तो प्रसंग प्रेक्षणीय असतो. छोट्या यंत्रावर अंगठा टेकवायचा; पण जन्मभर फायली उलटून रेषा झिजलेला मालकाचा अंगठा यंत्र ओळखेना. परवानेदाराचा अंगठा मात्र पहिल्याच झटक्याला उमटला! काकांनी अंगठा धोतराला पुसला, फुंकर घातली, खोबरेल लावून पाहिले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकूंनी निरागसपणे विचारले, “अहो, पण भाडं किती ठरलं शेवटी?” काकांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू सारा दस्तच त्या वाक्याने रद्दबातल झाला.

तेव्हा, वाचकहो, अशा घरी जागा पाहायला जाणार असाल तर ‘मोबदला’ म्हणा, फार तर ‘लायसन्स फी’ म्हणा. कपाटाची चौकशी करू नका. मात्र दस्त नोंदवून घ्यायचा आग्रह सोडू नका, आणि काका टाळाटाळ करू लागले तर नव्या कायद्यातल्या कलम ५५ चे नाव हळूच काढा : करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. काका त्याच दिवशी एजंटाला फोन करतील.