खुळ्या फौजीची थोरवी

बोर्ड आऊट होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढला जाऊन, घरी आलेल्या जवानाला गावात सल्ल्यांची वाण नसते, आणि सल्ले सगळे शहाणपणाचे असतात. “मेजर, सोडा आता. मिळतंय त्यात भागवा. सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय?” हे ऐकून जो गप्प बसतो, त्याला गाव शहाणा म्हणतं. जो ऐकत नाही, कागदांची पिशवी काखोटीला मारून सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे निघतो, तो खुळा. मी त्या खुळ्याच्या बाजूचा आहे.

त्याच्या हातात एक नकारपत्र असतं. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. शहाण्याला तेवढं पुरतं. धरमवीर सिंग नावाच्या जवानाला पुरलं नाही. 1985 साली भरती झालेल्या या माणसाला नऊ वर्षांनी फिट्स येतात म्हणून घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के ठरलं, पेन्शन मात्र नाकारलं. तो भांडत राहिला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या कागदात आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असंच धरायचं. दुखणं सेवेतलं आहे हे दाखवायची जबाबदारी जवानाची नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच. आज कितीतरी जवान याच निकालाचा आधार घेतात. गप्प बसलेल्या शहाण्यांची मुलंही घेतील.

2014 साली सर्वोच्च न्यायालयात राम अवतार प्रकरणात असंच घडलं. अपंगत्व 50 टक्क्यांच्या आत असेल तर पेन्शनच्या हिशेबाला ते 50 धरायचं, हा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. शहाणपणाने थांबून राहणाऱ्याला मात्र थकबाकी सहसा दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्यामागची वर्षं बुडाली ती बुडाली.

हाच खुळा घटस्फोटासाठी कौटुंबिक न्यायालयात गेला की त्याचा खुळेपणा आणखी उठून दिसतो. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनीही मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची असतात. हितचिंतक कानात सांगतात, “अपंगत्वाचं पेन्शन अजून मंजूर कुठाय? लिहू नका.” खुळा लिहितो. सेवा पेन्शन इतकं, अपंगत्वाचा दावा प्रलंबित, बँकेतली ठेव इतकी, घराचं कर्ज इतकं. त्याखाली कृत्रिम पायाची दुरुस्ती, फिजिओथेरपी, गोळ्या हे खर्चही बिलांसकट मांडतो, कारण तेही तितकेच खरे आहेत.

त्या प्रतिज्ञापत्राच्या पलीकडे एक बाई बसलेली असते. नवरा सीमेवर असताना सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, मुलांची शाळा, शेताचं पाणी तिनेच पाहिलं. नोकरी करायची राहून गेली. पेन्शनच्या कागदावर दोघांचा एकत्र फोटो आहे, तो गणवेशात आणि ती काठापदराच्या साडीत. घटस्फोट झाला की कुटुंब निवृत्तिवेतनावरचा तिचा हक्क संपतो. मुलांचा हक्क नियमाप्रमाणे राहतो, तिचा राहत नाही. म्हणून एकरकमी पोटगी ठरवताना हा तोटा मोजला गेला पाहिजे, आणि तो मोजायचा तर नवऱ्याचे आकडे खरे हवेत. संसार मोडला म्हणून तिने सांभाळलेली वर्षं खोटी ठरत नाहीत. हे ओळखून जो स्वतःच्या मिळकतीचा आकडा लपवत नाही, तो व्यवहारात कच्चा असेल; माझ्या लेखी तो पहिल्या नंबरचा माणूस आहे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. न्यायाधिकरणात जवान जिंकला तरी सरकार अपिलात जातं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग जवानांविरुद्धची असली अपिलं मागे घ्यावीत असं सुचवलं होतं. तरीही ती पुढे होतच राहिली. निकाल हातात असताना पुन्हा दिल्लीचं तिकीट काढायची वेळ त्या माणसावर का यावी? सरकारने अपिलं थांबवावीत, निकाल लागलेल्यांची थकबाकी आधी द्यावी, म्हणजे पोटगीचा पुढचा हप्ता त्याला उसनवारी करून भरावा लागणार नाही.