घरं किती? विचारून सांगतो!

अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल मराठी माणसाच्या मनात एक न्यूनगंड असतो. तिकडे म्हणे उमेदवार मुद्द्यांवर बोलतात, आकडे देतात आणि बोलले त्याला जागतात. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार सेनेटर जॉन मॅकेन यांनी 2008 साली हा न्यूनगंड मुळापासून उपटून टाकला. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज उरकून घेतो.

त्या वर्षी अमेरिकेत घरांचे हप्ते थकू लागले होते. ऐपत न बघता कर्जं वाटली गेली होती आणि त्यांना सबप्राइम असं गोंडस नाव होतं. पहिली दोन-तीन वर्षं हप्ता बेताचा, मग व्याज चढायचं आणि हप्त्याचा आकडा बघून घरात रडारड. घरांच्या किमती चढत होत्या तोवर हे खपून गेलं. किमती उतरल्या, कर्ज घरापेक्षा मोठं झालं आणि जप्त्या सुरू झाल्या.

25 मार्चला मॅकेनसाहेब कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅनाला बोलायला उभे राहिले. बेजबाबदारपणे वागणाऱ्याला सोडवणं हे सरकारचं काम नव्हे, मग ती मोठी बँक असो की छोटा कर्जदार, असं त्यांनी ठणकावलं. वर हिशेबही मांडला. देशात 8 कोटी घरमालक, त्यांतल्या साडेपाच कोटींवर कर्ज. त्यांतले 5 कोटी 10 लाख लोक दुसरी नोकरी धरून, सहलीला फाटा देऊन हप्ते वेळेवर भरतात. उरले 40 लाख. एवढ्याशा कर्जांनी सगळ्यांना एवढा ताप कसा व्हावा, याचं साहेबांना कोडं पडलं होतं.

बोलणं कठोर, पण माणूस करारी! व्हिएतनाम युद्धात हॅनोईच्या कैदेत साडेपाच वर्षं काढली, आणि लवकर सुटकेची सवलत समोर आली तेव्हा ती नाकारली. स्वतः सवलत न घेणाऱ्याने दुसऱ्याला नाकारली तर बोलायचं कुणी? (कीटिंग नावाच्या धनिकाच्या बचतसंस्थेवर 1987 मध्ये नियामकांची वक्रदृष्टी झाली, तेव्हा त्यांच्याशी बोलायला गेलेल्या पाच सेनेटरांत मॅकेनही होते. पुढे सेनेटच्या समितीने त्यांच्या तारतम्याबद्दल ठपकाही ठेवला. पण ती संस्था कर्ज देणारी होती, घेणारी नव्हे. एवढा फरक वाचकांनी करावा.)

हा करारीपणा 16 दिवस टिकला. 10 एप्रिलला ब्रुकलिनमध्ये साहेबांनी योजना जाहीर केली: दोन ते चार लाख कुटुंबांना जुन्या कर्जाऐवजी सरकारी हमीचं स्वस्त कर्ज. खर्च फार तर 10 अब्ज डॉलर. घर राहतं हवं, कर्ज 2005 नंतरचं हवं, वगैरे अटी. अटींचं आम्हाला नवल नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपले तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी शेतकऱ्यांसाठी 60 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली होती आणि दोन हेक्टरांच्या अटीमुळे विदर्भातले कोरडवाहू शेतकरी दाराबाहेर उभे राहिले होते. शिस्त बिघडेल, हे वाक्यही दोन्हीकडे सारखंच ऐकू आलं.

जुलैत मॅकेन यांचे आर्थिक सल्लागार फिल ग्रॅम यांनी निदान केलं की ही मंदी मानसिक आहे आणि देश रडतराऊंचा झाला आहे. साहेबांनी लगेच हात झटकले.

ऑगस्टमध्ये मात्र बहार आली. न्यू मेक्सिकोत पत्रकारांनी साधा प्रश्न विचारला: तुमची घरं किती? यावर साहेब उत्तरले की माझ्या माणसांना तुम्हाला कळवायला सांगतो. माणसांनी कळवलं, निदान चार. प्रतिस्पर्धी ओबामांच्या प्रचारकांनी सात मोजली आणि त्याची जाहिरात केली. पत्नी सिंडीबाई बिअरच्या वितरणातल्या गडगंज घराण्याच्या, तेव्हा मालमत्ता बहुतेक तिकडची, हे मान्य. सासरचं मोजू नये, हा संस्कार आपल्याकडेही आहे. पण देशातली 8 कोटी घरं ज्यांना तोंडपाठ, त्यांना घरची घरं मोजायला माणूस पाठवावा लागला!

15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली. त्याच दिवशी जॅक्सनविलमध्ये साहेब म्हणाले, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. 1 ऑक्टोबरला त्यांनी (आणि ओबामांनीही) 700 अब्ज डॉलरच्या बँक-बचाव विधेयकाला सेनेटमध्ये होकार दिला. मार्चमधल्या वाक्यातली ‘मोठी बँक’ अशी सुटली. राहिला ‘छोटा कर्जदार’. त्याचा नंबर 7 ऑक्टोबरला नॅशव्हिलच्या वादसभेत लागला. सरकारने बुडीत गृहकर्जं विकत घ्यावीत आणि घराच्या आजच्या किमतीनुसार नव्याने बांधून द्यावीत. खर्च 300 अब्ज. मतदानाला 28 दिवस उरले होते.

आता बारकाईने बघा. त्या रात्री प्रचारकचेरीने वाटलेल्या टिपणात एक वाक्य होतं: झालेला तोटा कर्ज देणाऱ्यांनी सोसला पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या टिपणात ते नव्हतं. म्हणजे बँकेने फुगवून दिलेलं कर्ज सरकारने पुऱ्या भावात घ्यायचं, कर्जदाराला कमी करून द्यायचं आणि मधला खड्डा करदात्याने भरायचा. हा करदाता कोण? दुसरी नोकरी धरून, सहलीला फाटा देऊन हप्ते वेळेवर भरणारे ते 5 कोटी 10 लाख. मार्चमध्ये त्यांना शाबासकी मिळाली होती, ऑक्टोबरमध्ये बिल.

साहेबांनी मत बदललं याचा आम्हाला राग नाही. घरं खरोखरच जात होती, आणि मार्चचं भाषण ऐकून ज्यांनी सामान बांधलं त्यांना ऑक्टोबरची योजना बरी वाटली असती. आमची तक्रार एवढीच की दया वाढली ती जप्त्यांच्या नव्हे, मतदानाच्या तारखेकडे बघून.

जप्त्यांनी सर्वांत पोळलेल्या राज्यांपैकी नेवाडा आणि फ्लोरिडा ओबामांकडे गेली, साहेबांचं स्वतःचं अ‍ॅरिझोना त्यांच्याकडे राहिलं. पण 2010 मध्ये तिथल्या सेनेटच्या जागेसाठी पक्षातूनच कडवा प्रतिस्पर्धी उभा राहिला आणि 700 अब्जांचं ते मत अडचणीचं झालं. तेव्हा साहेबांनी सांगितलं की त्यांची दिशाभूल झाली, पैसा घरांच्या दुखण्यावर जाईल असं अर्थमंत्री पॉलसन यांनी भासवलं आणि तो गेला वॉल स्ट्रीटला. त्या नोव्हेंबरात ते आरामात निवडून आले.