मवाळ ते जहाल

पुण्यात रोज दाढी करायची तर आधी पंचांगाशी भांडावं लागतं. सोमवारी केशकर्तनालयं बंद. मंगळवारी करू नये, असं घरातलं कुणीतरी सांगतं. गुरुवार दत्ताचा किंवा स्वामींचा, शनिवार मारुतीचा. शिवाय संकष्टी, एकादशी, अमावास्या आणि देवाधर्माशी काहीही संबंध नसलेलं ‘आज पाणी नाही’. हे सगळं वजा केलं की बुधवार, शुक्रवार आणि रविवार उरतात. श्रावणात तेही उरत नाहीत. एरवी तुळतुळीत असणारे सदाशिव पेठेतले चेहरे महिनाभरात ऋषितुल्य होतात आणि पिठोरी अमावास्या उलटली की गणपतीच्या आत घाईघाईने गृहस्थाश्रमात परततात.

म्हणजे एकाच गालावर वर्षभरात तीन तऱ्हेची दाढी उगवते: कालची, परवाची आणि श्रावणातली. ती एकाच हत्याराने काढायची, हा खरा पेच. तीन-पाच पात्यांची प्लॅस्टिकची कार्ट्रिज ज्यांनी काढली, त्यांच्या डोळ्यांपुढे रोज सकाळी न चुकता दाढी करून ऑफिसला जाणारा माणूस असावा. त्याला चातुर्मास ठाऊक नव्हता. श्रावणातल्या दाढीवर ती कार्ट्रिज फिरवली की दोन हातांत केस पात्यांमध्ये गच्च बसतात, आणि मग आपण वॉश बेसिनवर ती आपटत बसतो. शेजारी समजतात, प्लंबर आलाय.

या पेचावरचा एक जुना तोडगा म्हणजे आकडे असलेला रेझर. दोन धारांचं साधं ब्लेड बसणारा, वजनाला भरभक्कम, आणि मानेशी किंवा दांड्याच्या बुडाशी एक फिरणारी कडी. कडीवर आकडे असतात, कुठे एक ते पाच, कुठे एक ते नऊ. कडी फिरवली की ब्लेडची धार आणि तिच्याखालची संरक्षक पट्टी यांच्यातली फट कमी-जास्त होते. फरक मिलिमीटरच्या अंशांचाच, पण गालाला तो लगेच कळतो. फट लहान असेल तर धार कातडीला जेमतेम शिवते, केस कापते आणि बाकी कशात पडत नाही. फट वाढवली की धारेचा जास्त भाग गालाशी बोलायला येतो. दाट दाढी एका हातात साफ होते आणि हात चुकला तर गालही.

इंग्रजीत याला काय म्हणतात ते म्हणोत, पुणेकराला शब्द शोधावे लागत नाहीत. एक आकडा मवाळ, नऊ आकडा जहाल. मवाळांचे पुढारी गोखले. त्यांचा भारत सेवक समाज पुण्यात 1905 साली निघाला. जहालांचे टिळक नारायण पेठेत गायकवाड वाड्यात. दोघे एकाच शहरात, एकाच फर्ग्युसन कॉलेजच्या संस्थेतून गेलेले, आणि तरी डिसेंबर 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली आणि व्यासपीठाकडे एक दख्खनी जोडा भिरकावला गेला. दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहावेत. मिशा भरदार, गाल स्वच्छ. म्हणजे निदान दाढीच्या बाबतीत दोन्ही पक्षांत एकमत होतं.

तेव्हा अमेरिकेत सेफ्टी रेझर चांगला खपू लागला होता. त्याचा जनक किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणारा फिरता विक्रेता. त्याच्या मालकाने, म्हणजे पत्र्याचं बूच शोधणाऱ्या विल्यम पेंटरने, त्याला कानमंत्र दिला होता: असं काहीतरी काढ की जे लोक वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घेतील. 1895 मध्ये आरशापुढे बोथट वस्तरा हातात धरून उभं असताना जिलेटला ते ‘काहीतरी’ सुचलं. पातळ पोलादी पत्र्याला धार लावणं अशक्य आहे, असं जाणकारांनी सांगितलं. निकर्सन नावाच्या इंजिनिअरने ते जमवून दाखवलं. 1903 मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात 51 रेझर खपले. पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर. मराठी उद्योजकांच्या व्याख्यानांत हे दोन आकडे अजून कसे आले नाहीत, याचं मला नवल वाटतं.

याच जिलेटने 1894 मध्ये एक पुस्तक लिहून सुचवलं होतं की, स्पर्धा बंद करावी आणि जवळजवळ साऱ्या अमेरिकेने नायगाऱ्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महाकाय शहरात राहावं. अमेरिकेने ऐकलं नाही. सकाळी नऊच्या सुमारास हिंजवडीच्या रस्त्यावर उभं राहिलं की वाटतं, इकडे कुणीतरी मनावर घेतलंय.

फेकून देण्याच्या बाबतीत मात्र आपण त्याला साफ हरवलं. आमच्या आधीच्या पिढीने ब्लेड कधी फेकलंच नाही. धार गेली की काचेच्या पेल्यात आतल्या बाजूला बोटाने दाबून ते पुढे-मागे घासायचं, की आणखी दोन दाढ्या. मग पेन्सिलीला टोक. मग आईच्या शिवणाच्या डब्यात, ब्लाउज उसवायला. टोपाज, पनामा, भारत, सेव्हन ओ’क्लॉक ही नावं कंपास पेटीतून मुलांच्या ओळखीची होत. पेंटरसाहेबांचा कानमंत्र मराठी मध्यमवर्गाच्या दारात येऊन चप्पल काढून बसला.

त्याआधी तर पुरुषाने स्वतःच्या गालाला स्वतः धार लावायची पद्धतच नव्हती. वस्तरा नाभिकाच्या धोकटीत, आपण त्याच्यापुढे मान वर करून. हे हत्यार कुणावर चालवायचं हे गाव ठरवत असे. 1890 साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. दाढीच्या सामानाचा इतिहास लिहायला बसलो तर मी जिलेटच्या आधी हे पान लिहीन.

आकड्यांचा रेझर जिलेट कंपनीने बाजारात आणला तो 1958 मध्ये. एक ते नऊ आकडे, बुडाची कळ फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं देवघराच्या दारांसारखी उघडणार. किंमत एक डॉलर पंच्याण्णव सेंट. अंगाने तो असा गुटगुटीत होता की पुढे शौकिनांनी त्याचं नाव ‘फॅट बॉय’ ठेवलं. 1961 मध्ये त्याचा सडपातळ भाऊ आला. आपल्याकडे तेव्हा परकी चलनाची चणचण आणि आयातीवर निर्बंध, त्यामुळे तो आला तर अमेरिकेहून परतलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, आणि पुढे कधीतरी कपाट आवरताना घराबाहेर पडला.

घराबाहेर पडलेल्या पुणेरी वस्तू शेवटी जुन्या बाजारात जातात. हा बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. दोन्ही वार दाढीला चालणारे, हा योगायोग मी शुभ मानतो. गंजलेले पाने, विजेचे मीटर, पितळी नळ आणि एका पायाचे बूट यांच्यात एका फडक्यावर मला तो फॅट बॉय दिसला. विकणाऱ्याला तो नळाचा भाग वाटत होता, कारण फिरत होता. मी त्याचं डोकं उघडून पोटातला शिक्का पाहिला. या रेझरांवर अक्षर वर्षाचं असतं आणि आकडा तिमाहीचा. ‘एफ ३’ म्हणजे 1960 ची तिसरी तिमाही. माझा चेहरा उजळलेला विकणाऱ्याने पाहिला आणि नळाची किंमत रेझरची झाली. जुन्या बाजारात चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये. दाढी वाढवून जावं, तेवढंच झाकतं.

ज्याला धूळ चाळायची नाही त्याला नवेही मिळतात. जर्मनीतल्या झोलिंगेनचे मेर्कुर आहेत: ‘प्रोग्रेस’ एक ते पाच आकड्यांचा, दिसायला बावळट आणि कामाला चोख, ‘फ्युटुर’ मोठा, चकचकीत, आणि त्याची टोपी ओढून काढावी लागते, तीही ओल्या हातांनी, खाली ब्लेड असताना. ज्याने ही कल्पना मांडली तो माणूस दाढी राखत असावा. पार्करचा ‘व्हेरिएंट’ भारतातच बनतो, आकडे एक ते पाच, आणि तो निवडताना मन खाऊ नये इतका बरा आहे. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने जुन्याच्या मोहात पडू नये. साठ वर्षांच्या रेझरचा आकडा ‘तीन’ आहे म्हणजे तीनच आहे असं नाही. मधल्या काळात तो कुणाच्या हातून पडला, हे त्यालाच माहीत.

वापरायची रीत एका वाक्यात सांगता येते, पण पुण्यात कुणी सांगत नाही. ज्येष्ठ शेजारी, मित्राचे मेहुणे आणि औषधाच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस या सर्वांचा आपापला आकडा असतो आणि तो त्यांनी अनुभवातून मिळवलेला असतो. सगळ्यांचं ऐकून घ्यावं आणि एकापासून सुरुवात करावी. आंघोळीनंतर, गाल ओले असताना, ब्रशने फेस करून. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा आणि दाबायचं नाही. वजन त्याचं तो आणतो. कार्ट्रिजने आपल्याला दाबायची सवय लावलेली असते, आणि आकडा वाढवून दाब तसाच ठेवला तर तुरटीचा खडा कशासाठी असतो ते समजतं. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. उलटा हात ज्याला लग्नाला जायचं आहे त्याने फिरवावा.

आकड्याइतकीच एक गोष्ट ठरवते ती म्हणजे पाणी, आणि तिथे पुण्याचे दोन भाग पडतात. खडकवासल्याच्या नळाचं पाणी मऊ. त्यात साबण चार फेऱ्यांत साय धरतो. वाघोली-उंड्रीकडे, जिथे टँकर आणि बोअर चालतात, तिथे तोच साबण फेस करायला नकार देतो, केस ताठ राहतात आणि माणूस आकडा वाढवून राग काढतो. पेठेतला नळ आणि उपनगरातली लिफ्ट यांपैकी एकच मिळणार, असं नशिबात असेल तर दाढीवाल्याने नळ धरावा.

मग मी कुठल्या आकड्यावर आहे? सुरुवातीला रोज नवा आकडा लावून पाहायचो. वस्तू फिरते म्हटल्यावर कुणीही फिरवतो. हळूहळू लक्षात आलं की खरा फरक दिवसांत तर आहेच, पण एकाच चेहऱ्यावरही आहे. गालांना पाच चालतो. हनुवटीला, जिथे केस बंडखोर आहेत, सात. गळ्याशी मात्र दोनच्या वर गेलं की दिवसभर कॉलर टोचते. म्हणजे जे सुरतेला जमलं नाही ते आरशापुढे रोज होतं: जहालाने हनुवटी घ्यायची, मवाळाने गळा, आणि सभा उधळत नाही. हे कौतुकाने एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, “मग गोपाळ कृष्ण गोखले रस्त्याने जा नि लोकमान्य टिळक रस्त्याने ये.” पुण्यात कौतुक असंच होतं.

वापरलेल्या ब्लेडचं काय करायचं, हा प्रश्न पेल्यात घासणारी पिढी गेल्यावर निर्माण झाला. अमेरिकेत म्हणे न्हाणीघराच्या कपाटाला मागे फट ठेवत आणि ब्लेडं सरळ भिंतीच्या पोकळीत टाकत. घर पाडताना मूठभर गंज सापडे. आपल्या भिंतीत पोकळी नाही आणि कचरा माणसाच्या हातांतून जातो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेच्या करारावर घरोघरचा कचरा गोळा करते. तो वर्गीकरण करणाऱ्या मावशींच्या बोटांना आपल्या गालाचं ब्लेड लागू नये, म्हणून मी ती एका पत्र्याच्या डब्यात साठवतो आणि डबा भरला की चिकटपट्टी लावून, सांगून हातात देतो. मावशींनी डबा हलवून पाहिला आणि विचारलं, “एवढी ब्लेडं? किती माणसं राहता?”

विमानात रेझर हातातून नेता येतो, ब्लेड नेता येत नाही. लोहगावला विमानतळावरचा जवान हातातल्या बॅगेतून ब्लेडचं पाकीट काढून शांतपणे टोपलीत टाकतो आणि नुसता रेझर उलटसुलट करून परत देतो. परगावी पोचल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात ब्लेड मिळतंच. जगात कुठेही बसेल असं एकच माप ठरून गेलं, हा या प्रकारातला मला सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो. मोबाइलच्या चार्जरलाही ते नुकतंच जमतंय.

परवा केस कापायला गेलो तेव्हा रेझर खिशात होता. आमच्या नाभिकाने तो मागून घेतला. वजन केलं, कडी एकापासून शेवटपर्यंत नेऊन परत आणली, झाकणं उघडून ब्लेडची बैठक पाहिली. त्याच्याकडे अर्धं ब्लेड बसणारा वस्तरा. आकडे-बिकडे काही नाहीत.

“यातला कुठला आकडा लावता?”

मी गाल, हनुवटी, गळा असं सगळं सांगितलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“आणि पडला केवढ्याला?”

मी किंमत सांगितली. त्याने रेझर परत दिला, माझ्या मानेभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि कैची हातात घेतली.

“एवढ्यात मी तुमच्या पन्नास दाढ्या केल्या असत्या,” तो म्हणाला. “राजकारणासकट.”