नातू कर्जात, नात अनुदानात

आम्स्टलफेन, जानेवारी २०२५

तीर्थरूप आई-अण्णा यांस साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात ‘मी’ फार झाले म्हणून अण्णांनी त्या सगळ्यांना लाल शाईने गोल करून पत्राचा फोटो परत पाठवला. निवृत्तीनंतरही मास्तरकी सुटत नाही. तेव्हा हे पत्र तृतीयपुरुषी. यातली ‘लेक’ कोण ते आईला कळेल, आणि अण्णांची शाई वाचेल.

रविवारच्या फोनपासून लेकीच्या घरात दुसरा विषय नाही. नातू दादूने व्याजाने पैसे काढलेत हे बापूकाकांपर्यंत कसं पोचलं, आपल्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं, आणि नात नमूला सरकार फुकट पैसे देतं म्हणे ते कसले, असं सगळं आईने एका दमात विचारलं. जावयांनी फोन लेकीच्या हातात दिला आणि ते कचरा टाकायला गेले. कचऱ्याचा दिवस मंगळवार आहे.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. एकाच घरातली दोन पोरं, एक कर्जात आणि एक अनुदानात. कारण एवढंच की दादू चार वर्षं आधी जन्मला.

(कुकर लावून आले. म्हणजे, लेक कुकर लावून आली.)

नेदरलँड्समध्ये १९८६ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळायची. बापाचा पगार कितीही असो. २०१५ साली यट बुसेमाकर या शिक्षणमंत्री असताना ही रक्कम नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. शिकलेल्यांना पुढे चांगला पगार मिळतो, तर खर्च त्यांनीच उचलावा, सरकार स्वस्त कर्ज देईल आणि वाचलेला पैसा शिक्षणाचा दर्जा सुधारायला वापरेल, असा हिशेब होता. कागदावर तो अण्णांनाही पटला असता. झालं असं की पोरं घर सोडेनाशी झाली आणि कर्जं फुगली. दादूही २०१९ मध्ये कॉलेजात गेला तो माडीवरच्या खोलीतूनच, आणि कोरोनात तर त्याने विद्यापीठ लॅपटॉपवरच पाहिलं.

मग २०२३ च्या सप्टेंबरात मासिक अनुदान परत आलं. आणणारे मंत्री रॉबर्ट डाइकग्राफ. हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि आइन्स्टाइन अमेरिकेत ज्या प्रिन्स्टनच्या संस्थेत होता तिचे संचालक राहिलेले. (अण्णा खूश.) त्याच महिन्यात नमू ग्रोनिंगेनला दाखल झाली आणि दादू शिक्षण संपवून बाहेर पडला. मधल्या वर्षांतल्या मुलांना इथे ‘दुर्दैवी पिढी’ म्हणतात. वर्तमानपत्रातही तसंच छापतात, संकोच न करता. भरपाई म्हणून सरकारने त्यांना वर्षाला ३५९ युरोच्या हिशेबाने पैसे देऊ केले. दादूच्या चार वर्षांचे झाले १,४३६. त्याचं कर्ज वीस हजारांच्या वर आहे.

व्याजाचा किस्सा बापूकाकांना अवश्य सांगावा. दादू शिकत होता तेव्हा बहुतेक वर्षं व्याजदर शून्य होता. शिक्षण संपलं की पुढच्या एक जानेवारीचा दर पाच वर्षांसाठी पक्का होतो. २०२३ चा दर होता ०.४६ टक्के, २०२४ चा २.५६. दादू २०२३ मध्ये बाहेर पडला, म्हणजे त्याच्या माथी २.५६. बारावीला नापास झालेल्या पोराला अण्णा ‘एक वर्ष गेलं’ म्हणायचे. इथे एक वर्ष आधी संपवलं असतं तर फायदा झाला असता. बाकी घाबरण्यासारखं काही नाही. फेडायला पस्तीस वर्षं, आणि किमान वेतनाच्या वर जी कमाई असेल तिच्या चार टक्क्यांहून जास्त हप्ता नाही. फक्त घरासाठी कर्ज मागायला गेला की बँक हेही कर्ज मोजते. म्हणून दादूने लग्नाचा विषय टाळलाय असं समजू नये. तो दुसऱ्या कारणांनी टाळतोय.

आता नमूचं ‘फुकट’. घरी राहिली असती तर तिला सुरुवातीला महिन्याला ११०.३० युरो मिळाले असते. बाहेर राहते म्हणून ४३९.२० मिळाले, महागाईची जादा रक्कम धरून. दुसऱ्या वर्षी ती जादा रक्कम गेली आणि आकडा तीनशेच्या घरात आला. शिवाय हे पैसे दहा वर्षांत पदवी घेतली तरच अनुदान, नाहीतर कर्ज. म्हणजे सध्या नमूही कर्जातच आहे, फक्त तिला अजून माहीत नाही. तिच्या खोलीचं भाडं ४८० युरो आहे. अण्णांनी कृपा करून रुपये काढायला गुणू नये. गुणलंच असेल तर आईला सांगू नये. त्या पैशात तिला अकरा चौरस मीटर जागा, पाच जणांत एक स्वयंपाकघर आणि एक पोटमाळ्याची खिडकी मिळते. ग्रोनिंगेनमध्ये २०१८ साली काही परदेशी विद्यार्थ्यांना सुरुवातीला तंबूत झोपावं लागलं होतं, तेव्हा नमूची अवस्था राजेशाहीच म्हणायची.

खोली मिळवणं हा वेगळाच सोहळा. तिथे राहणारी मुलं इच्छुकांना एका संध्याकाळी बोलावतात, गप्पा मारतात आणि मग आपसात मत देऊन एकाला निवडतात. नमूला विचारलं, भांडी किती दिवसांनी घासतेस? ती म्हणाली, आजी बघत असेल तर लगेच. तिला खोली मिळाली. आई, याचं श्रेय तुला.

(‘तुला’ झालं. अण्णांनी सोडून द्यावं.)

बाहेर राहणाऱ्याला जास्त पैसे, म्हटल्यावर लबाडी आली आणि लबाडीमागे तपासणी आली. ही गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. विद्यार्थ्यांना पैसे देणारं ‘डुओ’ नावाचं सरकारी कार्यालय आहे. संशयित कोण हे ते बरीच वर्षं संगणकाच्या सूत्राने ठरवायचं: वय, कुठल्या प्रकारच्या शाळेत आहे, आईबापांच्या घरापासून किती लांब राहतो. मग निरीक्षक थेट खोलीवर जायचे, कपडे-सामान खरंच तिथलं आहे का पाहायचे. स्थलांतरितांची मुलं या जाळ्यात फार जास्त अडकत होती, हे पत्रकारांनी २०२३ मध्ये उघड केलं. २०२४ च्या मार्चमध्ये डाइकग्राफांनी माफी मागितली, आणि नोव्हेंबरमध्ये दहा हजारांहून जास्त जणांना मिळून सुमारे ६ कोटी १० लाख युरो परत करायचं ठरलं. लेकीने ते वाचलं तेव्हा नमूच्या खोलीत कुणी शिरलं असतं तर काय दिसलं असतं, असा विचार आला. लोणचं, मेतकूट, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी. तिथेच राहते याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यायचा?

असो. पार्सल पोचलं, दिवाळीचं, मकरसंक्रांतीला. अण्णांनी फराळाचा मान राखायला त्यावर ‘मूल्य रु. ५,०००’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. इथे पंचेचाळीस युरोच्या वरच्या भेटीवर कर लागतो, आणि तो वसूल करायची फी वेगळी. सांगलीचं भडंग एवढं महाग आजवर कुणी खाल्लं नसेल. तूप आलंच नाही, दूधदुभत्याला टपालाने यायला बंदी आहे. डबा उघडल्यावर लसणाचा आणि शेंगदाण्यांचा वास ओसरीसारखा घरभर झाला, आणि जावई, जे एरवी डाएटवर असतात, उभ्यानेच खात राहिले. लेक गॅलरीत जाऊन उभी राहिली. थंडी होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं तिने घरात सांगितलं.

आईने विचारलं, पुराच्या दिवसांत फोन उचलत नव्हतीस. उचलत नव्हती कारण फोनवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत होती. २०१९ च्या पुरापासून ही सवय लागली. लेकीचं घर समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि झोप उडते ती कृष्णेच्या पाण्याने.

बापूकाकांच्या मोतीबिंदूचं ऐकलं. दुसरा डोळा लांबणीवर टाकू नये. त्यांच्या चिन्मयला इकडे शिकायला यायचंय, त्याला नीट कळवावं: नमूची फी नेदरलँड्सच्या नागरिकाची आहे, २०२४-२५ साठी २,५३० युरो. युरोपबाहेरच्या मुलाला बऱ्याच ठिकाणी वर्षाला दहा ते वीस हजार पडतात आणि अनुदान शून्य. शिवाय इंग्रजीतले पदवी अभ्यासक्रम कमी करायच्या कायद्याची चर्चा २०२४ मध्ये चालू होती. जास्त वर्षं रेंगाळणाऱ्याला ३,००० युरोंचा दंड लावायचाही बेत होता. २०२४ च्या नोव्हेंबरात हेगला मोठा मोर्चा निघाला, डिसेंबरात बेत बारगळला. २०१२ मध्येही असाच ३,०६३ युरोंचा दंड आणून त्याच वर्षी मागे घेतला होता. चिन्मयची इंजिनिअरिंगची सध्याची गती पाहता ही माहिती त्याच्या कामाची आहे.

शेवटचं, गुढीचं. नमू शाळा पास झाली तेव्हा दारात झेंडा लावून त्याला दप्तर टांगलं होतं, त्या फोटोवरून आईने जूनमध्ये गुढी कशी, असं अजून विचारू नये. इथे सगळेच टांगतात. आणि तिच्या मार्कांबद्दल: दहापैकी सहा म्हणजे इथे छान पास. अण्णांनी तिला ‘काठावर’ म्हटल्यापासून ती आजोबांना मार्क सांगत नाही.

आज शुक्रवार. नमूने कामाच्या दिवसांऐवजी शनिवार-रविवारचा फुकट रेल्वेपास घेतलाय. तो शुक्रवारी दुपारी बाराला सुरू होतो, म्हणजे ती आठवड्याचे धुवायचे कपडे घेऊन गाडीत बसलीच असेल. मशीन रिकामं करायला हवं.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली लेक

ता. क. कुलकर्ण्यांच्या सुनेचं काय झालं ते आईने हळू आवाजात सांगितलं, नेमका तेव्हा मिक्सर चालू होता. परत सांगावं. अण्णा खोलीत नसताना.